वाकडा माल

कुणीतरी ताडपत्री काढलीय. नाही, तुम्ही नाही काकू, तुम्ही तर आत्ता आलात — पण कुणीतरी काढलीय, आणि नुसती काढून थांबलेलं नाही, हितं खडूनं ‘बुक’ लिहिलेलं होतं, हे एवढं मोठं, ते ओल्या फडक्यानं पुसलंय, बघा, ‘क’चा पाय अजून दिसतोय. आणि विचारायला जावं तर या गोदामात सगळे साधू. कुणी काही केलेलंच नसतं. दगड आपला आपणच उठतो, तोंड धुतो आणि उजेडात येऊन उभा राहतो. असू दे. तुम्ही बसा की. ती खुर्ची घ्या, पंख्याचं वारं फक्त त्याच खुर्चीवर येतं. मंगळवेढ्याहून या उन्हात आलात म्हणजे ओट्यासाठीच ना? मापाचा कागद आणलाय? द्या बघू. साडेआठ फूट बाय दोन, कोपरा नाही, सरळ. छान. सरळ ओट्याला सरळ माल. मी सिद्धेश्वरी, दुकान अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, ते अक्कलकोटला एका लग्नाला गेलेत, तोवर मी बसलेय. आणि ह्या शरणम्मा, दगड पुसतात, माझ्या जन्माच्या आधीपासून पुसतात. शरणम्मा, काकूंना पाणी दे गं.

तर हा काळा बघा. अंगावर एक ठिपका नाही, तोंड दिसतं त्याच्यात. तुमच्याकडं सगळे हाच नेतात. ह्याला ब्लॅक ग्रॅनाइट म्हणतात — ग्रॅनाइट नाही बरं का तो. ग्रॅनाइटशी त्याचा काही संबंधच नाही, पण पाटीवर तेच, बिलावर तेच, गवंड्याच्या तोंडात तेच. मी अप्पांना म्हटलं, पाटी बदलू या, निदान आपण तरी खरं लिहू. अप्पा म्हणाले, लोक नाव विकत घेतात बाळा, दगड नुसता सोबत जातो. भांडले. दोन दिवस जेवले नाही — म्हणजे त्यांच्यासमोर जेवले नाही. असो. चांगला आहे काळा. मळ दिसत नाही, डोकं चालवावं लागत नाही, पाहुणे आले की ‘छान आहे’ म्हणतात आणि विसरून जातात. घ्या तो.

तिकडं कशाला बघताय? ते नका बघू. ते बुक आहे — होतं — आहेच, खडू पुसला म्हणून काय झालं. आणि नसतं तरी मी तुम्हाला दिलं नसतं, काकू, कारण तो वाकडा माल आहे. धंद्यातला शब्द आहे, शिवी नाही. ज्याच्या रेघा सरळ जात नाहीत तो वाकडा माल. बिलावर त्याचं नाव ‘सिल्क वेव्ह’ आहे, पण अप्पा त्याला वाकडाच म्हणतात, आठ महिने झाले, पडून आहे. लोकांना ओट्यावर रेघ कशी भांगासारखी लागते. ह्याच्यात बघा की — एक पांढरा पट्टा निघाला, चालला, चालला, मध्येच वळला आणि आला परत उलटा. त्याच्यामागं काळा पट्टा, तोही तसाच. एक बाई म्हणाल्या, ह्याच्यावर भाजी चिरायला लागले तर डोळे गरगरतील. आणि हे लाल ठिपके, डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखे. तुम्ही आयुष्यभर पुसत बसणार, वाटणार आदल्या दिवशीचा टोमॅटो राहिलाय.

लिंबू? हां, विचारलंत ते बरं केलंत. लिंबाचा डाग पडतो, कायमचा. म्हणजे — संगमरवराला पडतो. ह्याला, आता, खोटं कशाला बोलू, ह्याला नाही पडत. लिंबू नाही, चिंच नाही, काहीच नाही. पण उष्णता. तापलेला कुकर तसाच उचलून ठेवलात ह्याच्यावर तर — काकू, मला खोटं बोलताच येत नाही हो, हाच माझा घोळ आहे. ह्याला कुकरचं काय सांगताय? हा दगड सातशे-आठशे डिग्रीत राहून आलाय. एक-दोन दिवस नाही, लाखो वर्षं. इथून मोहोळ जेवढं लांब आहे ना, तेवढं लांब, पण सरळ खाली, जमिनीत. तिथं होता हा. तुमच्या कुकरनं त्याला साधा घामसुद्धा यायचा नाही.

तिथं कशाला गेला म्हणजे? स्वतःहून गेला नाही, ढकलला. हे बघा, आपल्याला वाटतं जमीन म्हणजे जागच्या जागी. सोलापूर तिथंच, मंगळवेढा तिथंच. पण हे सगळे खंड सरकतात, नखं वाढतात त्या वेगानं, आणि कधीतरी दोन खंड समोरासमोर येतात. आता दोघंही जड, दोघंही हट्टी, मागं कोण सरकणार? आमच्या घरी मी आणि अप्पा तसं. कुणीच नाही सरकत. मग मधला भाग चेपतो, घड्या पडतात, काही वर जातं, ते डोंगर, आणि काही तेवढंच खाली खोल दाबलं जातं, ती डोंगराची मुळं. वरचा डोंगर सगळ्यांना दिसतो, त्याचे फोटो निघतात. मुळाशी काय होतंय ते कुणाला दिसत नाही. मग कोट्यवधी वर्षं पाऊस, वारा, नद्या — वरचा डोंगर झिजून झिजून समुद्रात गेला, आणि मूळ आलं वर. हा दगड मूळ आहे. ह्याच्या डोक्यावर एके काळी अख्खी डोंगररांग उभी होती, हिमालयाच्या तोडीची. गेली. नावसुद्धा राहिलं नाही. आणि मूळ उभं आहे अक्कलकोट रोडला, लोखंडी स्टँडवर, कुणीतरी ताडपत्री काढली म्हणून.

आणि हे एकदा नाही हो झालं त्याच्यासोबत. खरी गंमत तीच आहे — या, जवळ या, हे भिंग धरा. असं नाही, डोळ्याजवळ धरा आणि मान पुढं न्या. ही मोठी घडी दिसली? पट्टा गेला आणि वळून आला. आता त्याच घडीवर ही दुसरी आडवी घडी. दिसतेय? एखादी जुनी सोलापुरी चादर घडी करून ट्रंकेत टाकली, वर्षानुवर्षं तशीच दाबून राहिली, आणि मग कुणीतरी आलं आणि त्या घडीचीच आडवी घडी घातली — तसं. पहिली टक्कर फार जुनी, अडीचशे कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती. मग हा दगड थंड झाला, शांत झाला, म्हणाला झालं आपलं, आता कोण विचारतंय. तिथून जवळजवळ दोनशे कोटी वर्षं कुणी विचारलं पण नाही. आणि मग, पंचावन्न कोटी वर्षांमागं, पुन्हा. आपला भारत, मादागास्कर, आफ्रिका, सगळे एकमेकांवर येऊन आदळले, आणि ह्या बिचाऱ्याला पुन्हा भट्टीत घातलं, पुन्हा मळलं. हे लाल दाणे म्हणजे गार्नेट, अंगठीत गोमेद घालतात ना, त्याचाच भाऊबंद. तो आत, दाबाखाली वाढतो. ह्यांतल्या काही दाण्यांचा गाभा पहिल्या टकरीचा असेल आणि वरची साल दुसरीची, असा मला संशय आहे. संशयच, कारण तपासायला पातळ काप काढावा लागतो आणि अप्पांनी मला मशिनजवळ फिरकायची बंदी केलीय. तमिळनाडूच्या खाणीतून आलाय हा. पण मादागास्करला जा, तिथं ह्याची भावकी सापडेल. नंतर वाटण्या झाल्या, मध्ये समुद्र आला, चेहरेपट्टी तीच राहिली.

हात का फिरवताय असा? नका फिरवू. दगडाला नाही काही होत, तुम्हाला होईल.

आपल्याकडं हे कुठं बघायला मिळणार, सांगा. अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एक वाकडा दगड नाही. आपला तो काळा दगड, किल्ल्याचा, विहिरीचा, बांधाचा — लाव्हा आला, पसरला, थंड झाला, थरावर थर, बिछाने घालून ठेवल्यासारखा. साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे ह्याच्यापुढं पाळण्यातलं पोर. कधी कुणाशी टक्कर नाही, कधी घडी नाही. सज्जन दगड. आणि त्या सज्जनाच्या खाली, बोअरची गाडी लागते त्याहूनही खोल, ह्याच जातकुळीतले म्हातारे पडलेत झोपून, पण ते कुणाला दिसणार? आणि मग आमची पुस्तकं लिहितात, ‘वली पर्वत : भूकवचावर दाब पडून वळ्या निर्माण होतात.’ एक ओळ. खाली एक चित्र, त्यात डोंगर कसले, अंथरुणाखाली मांजर शिरल्यासारखे.

मी शिकवत होते ना. माढा तालुक्यात, एका शाळेत, नाव नाही घेत. तासिकेवर. चार महिने. नववीला ती ओळ आली, मी उत्साहात, फळाभर खडू. आणि मागच्या बाकावरनं एक मुलगी उठली, बुद्धप्रिया तिचं नाव, ती कधी बोलायची नाही, आणि म्हणाली, “मॅडम, दगड कसा वाकंल? दगड तर फुटतो की.” काकू, एवढा चांगला प्रश्न मला भूगर्भशास्त्राच्या पाच वर्षांच्या कॉलेजात कुणी विचारला नव्हता. मी पण नव्हता विचारला. वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, उद्या सगळ्यांनी घरून एकेक चादर आणा. अडतीस मुलं, अडतीस चादरी. व्हरांड्यात अंथरल्या थरावर थर, दोन्ही बाजूंनी एकोणीस-एकोणीस मुलं, म्हटलं ढकला. काय हिमालय झाला म्हणता. कमरेएवढा. पोरं नुसती ओरडत होती. आणि मी त्यांना म्हटलं, आता आडवं ढकला, दुसरी टक्कर — आणि नेमकं तेव्हा तपासणीला साहेब आले, व्हरांड्याच्या त्या टोकानं, फाइल बघत बघत, आणि हिमालयात पाय अडकून पडले. चादरीवरच पडले, लागलं काही नाही. पण पडले. आणि पोरं म्हणाली, “मॅडम, ह्यो कुटला पर्वत?”

हसा, तुम्हीपण हसा. मी पण हसले, तिथंच चुकलं. दुसऱ्या दिवशीपासून येऊ नका म्हणाले. — अप्पांना हे माहीत नाही हां. अप्पांना मी सांगितलंय, एस.टी.ची वेळ जमत नाही म्हणून सोडली. शरणम्मा, तू काही ऐकलं नाहीस. ती नाही सांगायची. पण मला साहेबांचं काही नाही, चादरी मळल्या म्हणून आया भांडायला आल्या त्याचंही काही नाही, त्यांचं बरोबरच होतं. मला लागलं ते वेगळंच. चादरी घड्या करून देत होते, तेव्हा ती बुद्धप्रिया जवळ आली, तिची चादर घेतली, झटकली, आणि हळूच म्हणाली, “पण मॅडम, ही चादर हाय. मी दगडाचं इचारलं व्हतं.”

बरोबर होतं तिचं. मला माहीत होतं उत्तर — दगड वर, थंडीत, फुटतो. खोल, गरम असला आणि हळू हळू दाबला की वाकतो, चिक्कीसारखा. गरम असताना चिक्की वाकवा, वाकते, गार झाल्यावर वाकवा, तुकडे. पण चिक्की नेली असती तर म्हणाली असती ही चिक्की हाय. तिला दगड पाहिजे. आणि चार महिन्यांनी हा इथं आला ट्रकमधनं, मी दारात उभी होते, बांधलेले पट्टे सोडले आणि हा — काकू, मी रडले तिथं. प्लॅस्टिकची चप्पल, हातात चहा, आणि दगड बघून रडतेय. हमाल म्हणाले, ताईच्या पायावर पडला का काय.

म्हणून मी अप्पांना मागितला. शाळेच्या भिंतीला लावायचा, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, हात लावता येईल असा, वर काच नाही, ‘हात लावू नये’ नाही. मुख्याध्यापक आता नवे आलेत, ते हो म्हणालेत, मी विचारून आलेय. अप्पा आधी नाहीच म्हणाले. मग मी मागं लागले, लागले, आणि परवा कसे काय ते एकदम मऊ झाले. म्हणाले, बरं. शनिवारपर्यंत नाही गेला तर तुझा. पण शनिवारपर्यंत काउंटरवर तू बसायचंस, आणि गिऱ्हाईक आलं तर उभ्या उभ्या घालवायचं नाही, नीट माहिती द्यायची. मी म्हटलं कबूल. आठ महिन्यांत गेला नाही तो चार दिवसांत काय जातोय. आज शुक्रवार. उद्या संध्याकाळी सहाला टेम्पो सांगून ठेवलाय माढ्याला. म्हणून ताडपत्री, म्हणून ‘बुक’. आता कळलं ना? माहिती तर मी नीटच देतेय, त्यात काही खोट नाही. बुद्धप्रिया आता दहावीला आहे. मार्चमध्ये बोर्ड, मग ती शाळेतनं गेली. मग लावून काय उपयोग?

तर तो काळा घ्या. पॉलिश बघा त्याचं. — कागद का काढलात परत? साडेआठ. हा नऊ फुटांचा आहे, बसतो, पण — नाही, काकू, ऐका. मी काय सांगितलं मघापासून? वाकडा. डोळे गरगरतात. टोमॅटो. तुम्ही नीट विचार करा, तुमचं नवीन घर, एवढ्या वर्षांनी मनासारखा ओटा होतोय, आणि तुम्ही आठ महिने कुणी न घेतलेला माल — तीस वर्षं? तीस वर्षं खाली बसून चुलीवर आणि मग पत्र्याच्या टेबलावर? बरं. पण म्हणून — काय म्हणालात? ‘दोनदा भट्टीतनं निघालाय, माझ्यासारखाच.’ अहो, असं नका ना बोलू.

सिंक. सिंकचं बोलू. सिंकसाठी भोक पाडावं लागतं, दीड बाय दोन फुटांचं, आणि तुमच्या कागदावर सिंक मधोमध आहे, म्हणजे मशीन इथनं घुसणार, बरोबर घडीतनं, अडीचशे कोटी वर्षांची घडी, तिथनं तुम्ही भांड्याचं पाणी सोडणार. बघवेल तुम्हाला? … कडेला घेता? प्लंबरला सांगून कडेला घेता येईल, हो, येईल. तुम्ही प्रत्येक गोष्टीला उत्तर काढायचं ठरवलंयत का?

ठीक आहे. ठीक आहे, काकू. तुम्ही गिऱ्हाईक, मी शब्द दिलाय, घालवायचं नाही. पण माझी एक अट आहे, आणि ही अट ऐकली की तुम्ही स्वतःच काळा घेऊन जाल, मी आत्ताच सांगते. हा तुमच्या ओट्याला बसला तरी तो नुसता तुमचा नाही. पोरं येतील. माढ्याची शाळा, नववी-दहावी, बस करून. अडतीस पोरं, तुमच्या स्वयंपाकघरात, धुळीच्या पायांनी, हातात भिंगं, ओट्याला नाकं लावून. एकेक जण दहा मिनिटं. डबे हलवतील, शेंगा खातील, एक मुलगी मागं उभी राहील आणि तुम्हाला असा प्रश्न विचारेल की तुमचं दूध उतू जाईल. वर्षातनं एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा या मार्चच्या आत. कबूल असेल तर बोला, नाहीतर हा काळा.

बघा. बोटांवर अडचणी मोजायला लागलात. मला माहीत होतं.

काय? … कुठल्या वारी? वार कशाला पाहिजे तुम्हाला? … भाकरी किती थापायच्या ते आधी कळलेलं बरं? अहो, अडतीस पोरं, काकू. — सगळी ज्वारीची? — नाही, मी काय म्हणतेय, तुम्ही अट नीट ऐकलीत का, धुळीचे पाय — शरणम्मा, तू सांग की गं ह्यांना. तू आठ महिने रोज पुसतेस हा दगड, तुला माहीत आहेत त्याच्या खोडी, सांग ह्यांना ओट्याला का नको. ते ओलं फडकं हातात धरून, पदर तोंडाला लावून हसतेस काय, सांग.

“काय सांगू ताई? अप्पा पहिल्यापास्नं म्हणत्यात, ज्यो दगड जात न्हाय, त्येच्याशेजारी पोरीला हुबी करा.”